एकच पार्किंग, तीन सण: आमच्या सोसायटीतलं एक प्रकरण

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. धर्म एकमेकांशी शांततेनं राहू शकतात का, असा विषय निघाला की लोक एकतर इतिहासात शिरतात नाहीतर टीव्हीवरच्या बातम्यांत. मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून सांगते, कारण तिथं मी स्वतः होते, कमिटीत खजिनदार होते आणि वर्गणीची वही माझ्याकडं होती. जसं झालं तसंच लिहितेय, माणसांची आणि सोसायटीची नावं मात्र मुद्दाम टाळलीत, कारण सगळे अजून एकाच जिन्यानं वर-खाली करतात.

आधी जागा समजून घ्या. पुण्यातला वानवडी आणि कोंढव्याच्या मधला पट्टा, दोन विंग, ३२ फ्लॅट आणि मधोमध एकच मोकळं पार्किंग. निम्म्याहून जास्त घरं हिंदू, नऊ मुसलमान, तीन जैन (त्यातली दोन सांगलीकडची दिगंबर, घरात मराठीच बोलतात), दोन बौद्ध, एक ख्रिश्चन. पार्किंगच्या पुढच्या भागात दरवर्षी दहा दिवस गणपती बसतो आणि ईद-ए-मिलादला, म्हणजे पैगंबरांच्या जयंतीला, तळमजल्यावरचे चाचा मागच्या कोपऱ्यात विटांची चूल मांडून बावर्ची बोलावतात, दोन डेगा, म्हणजे दोन मोठी पातेली, मटण बिर्याणी होते, नियाज (श्रद्धेनं वाटलेलं जेवण) म्हणून, ज्याला खायचंय त्यानं यायचं. अनेक वर्षं हे असंच चालू होतं आणि कुणाला काही अडचण नव्हती, कारण दोन्ही गोष्टी एकत्र यायच्याच नाहीत. २०२२ मध्ये अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला होती आणि मिलाद ९ ऑक्टोबरला, मधे चांगला महिनाभर.

२०२३ ला गणित बदललं. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येते. आपलं पंचांगही चंद्रावरच चालतं पण साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, गणपती पुढं गेले, १९ सप्टेंबरला बसले, आणि अनंत चतुर्दशी नेमकी २८ सप्टेंबरला, मिलादच्याच दिवशी. आणि एकदा असं जुळलं की पुढचा अधिक महिना येईपर्यंत दोन्ही कॅलेंडरं जोडीनंच चालतात, म्हणजे २०२४ ला १६ आणि १७ सप्टेंबर, २०२५ ला ५ आणि ६ सप्टेंबर. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर चाचांनी आणि आमच्या सेक्रेटरी काकांनी मिळून दोन कॅलेंडरं टेबलावर ठेवून मला समजावलं.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. पहिल्या मजल्यावरच्या आजी, वय पंच्याहत्तरीच्या पुढं, दहाही दिवस उपास करणार होत्या, फक्त उकळून गार केलेल्या पाण्यावर. आणि त्यांची बेडरूमची खिडकी बरोबर त्या विटांच्या चुलीच्या वर.

वाद अर्थातच व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेटला. बी विंगमधून एक मेसेज आला, "विसर्जनाच्या दिवशी पार्किंगमध्ये मटण शिजणार नाही असं कमिटीने लेखी द्यावं." त्यावर उत्तर, "दहा दिवस आमच्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात, आम्ही कधी लेखी मागितलं का?" मग कुठल्यातरी लांबच्या गावचा दगडफेकीचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, आमच्या सोसायटीशी काडीचा संबंध नसलेला, आणि मग एका मेसेजमधे "हे लोक" असा शब्द आला. त्यानंतर ग्रुप रात्रीपर्यंत गप्प. संध्याकाळी चाचा मला जिन्यात भेटले. रोज विचारतात, "काय ताई, जुळला का हिशेब?" त्या दिवशी खाली बघत बाजूनं निघून गेले. मला तो व्हिडिओ नाही लागला इतका तो जिना लागला.

१७ सप्टेंबरला, रविवारी, गणपती बसायच्या दोन दिवस आधी मीटिंग घेतली. पहिला अर्धा तास सगळे आपापल्या धर्मातलं चांगलं चांगलं सांगत होते. काकांनी पसायदानातलं "जो जे वांछील तो ते लाहो" म्हटलं. चाचांच्या थोरल्या मुलानं कुराणातलं "लकुम दीनुकुम वलिय दीन" सांगितलं, म्हणजे तुम्हाला तुमचा धर्म, मला माझा. जैन काकांनी अनेकांतवाद काढला, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात. आणि प्रत्येक वाक्यावर समोरून कुणीतरी "मग अमक्या ठिकाणी असं का केलं तुमच्या लोकांनी" म्हणायचंच. चांगलं वचन पुढं केलं की समोरचा वाईट प्रसंग पुढं करतो, आणि दोघंही खोटं बोलत नसतात, म्हणूनच ते थांबत नाही.

ए विंगमधले एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी जरा वेगळं सांगितलं. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला १७९२ साली जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती. कॅम्पातलं लाल देऊळ हे ज्यूंचं सिनेगॉग, १८६७ चं, आणि पुणेकर त्याला बिनधास्त देऊळच म्हणतात. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. ऐकायला छान वाटत होतं, माना डोलत होत्या. तेवढ्यात आमचे बौद्ध शेजारी, त्यांना सगळे सरच म्हणतात, शांतपणे बोलले, "चर्चला जागा दिली हे खरंच आहे सर. पण याच पुण्यात १९२९ साली आमच्या लोकांना पर्वतीच्या देवळात जायला सत्याग्रह करावा लागला, दगड खाल्ले. म्हणजे बाहेरच्याला जागा देता येते आणि घरातल्याला नाकारता येते, दोन्ही एकाच गावात." यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. मला वाटतं त्या मीटिंगमधलं ते सगळ्यात खरं बोलणं होतं, कारण त्यानंतर स्वतःच्या धर्माची वकिली करायची कुणालाच घाई राहिली नाही.

मग आजी आल्या. सुनेच्या हाताला धरून खाली उतरल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वासानं माझा उपास मोडत नाही. उपास माझा आहे, तो माझ्या हातात आहे. पण मला मळमळतं आता, वय झालं. एरवी त्या दिवशी मी लेकीकडं जाऊन राहते, यंदा उपासात जिना उतरून जाणं व्हायचं नाही, एवढंच आहे."

एवढंच आहे! चाचा उठून उभे राहिले, म्हणाले, "आजी, म्हणजे दरवर्षी तुम्ही आमच्या डेगेसाठी घर सोडून जात होता?" त्या म्हणाल्या, "अरे, त्यात काय सोडायचं, लेकीकडं जाणं होतं त्या निमित्तानं." चाचा खाली बसले ते बराच वेळ बोललेच नाहीत. इतकी वर्षं कुणीतरी आपल्यासाठी सरकत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतःच निरोप पाठवला. नियाज रबीउल अव्वल या हिजरी महिन्यात कधीही करता येते, बारा तारखेलाच, म्हणजे मिलादच्याच दिवशी पाहिजे असं काही नाही. त्या दिवशी घरात फातिहा (कुराणातली प्रार्थना), खीर, आणि डेग रविवारी १ ऑक्टोबरला, तीही कोंढव्यातल्या बावर्चीकडं शिजवून टेंपोतून आणायची. नंतर बातमी आली की राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम समाजानं मिलादचे जुलूसही पुढं ढकललेत आणि सरकारनं सुट्टी २८ वरून २९ ला नेलीय. त्याच वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती तेव्हाही किती ठिकाणी लोकांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली, कारण ती तीन दिवसांत करता येते. वचनं कुठं उपयोगी पडतात हे मला इथं कळलं. दुसऱ्याला ऐकवायला ती कामाची नाहीत. पण चाचांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलांना सांगायचं होतं की आपण झुकलो नाही, आपल्या दीनमध्ये याला जागा आहे, तिथं ती लागली. जैन काकांनीही आजींच्या घरात तेच केलं असणार, दशलक्षणाचा पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा असतो.

इथं प्रकरण संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. खरी गोष्ट मीटिंगच्या शेवटी झाली. तिसऱ्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब आहे, ते मिलाद साजरीच करत नाहीत, त्यांच्या मते तो नंतर आलेला प्रकार, बिदअत. आम्ही सगळ्या नऊ घरांना एकाच माळेत ओवून ठेवलं होतं, "ईदवाले" म्हणून, आणि ते भाई सगळ्यांसमोर म्हणाले, "मी नियाजलाही येत नाही आणि गणपतीची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलातून जाते तीही मला नको आहे. आजवर बोललो नाही कारण वाईट दिसलं असतं." लगेच बौद्ध सर म्हणाले, "माझंही तेच. बाबासाहेबांनी दिलेल्या आमच्या २२ प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीला मानणार नाही असं स्पष्ट आहे. मी बाप्पाच्या आड कधी येणार नाही, पण माझ्या नावावर पूजेचे पैसे पडतात ते मला आतून टोचतं."

बिलात "सण निधी ६०० रुपये" ही ओळ वर्षानुवर्षं छापली जात होती. ती मीच टाकत होते. एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. मला वाटायचं, किती छान, ३२ च्या ३२ घरांची वर्गणी येते, केवढी एकी आहे आमच्यात, बाहेर लोकांना अभिमानानं सांगायचे मी. आणि दोन माणसं दरवर्षी ते पैसे भरताना मनातून दुखावली जात होती.

काका चिडले. "मग एकी कुठं राहिली? उद्या प्रत्येक जण म्हणेल मला नको." त्या रात्री मलाही काकांचंच पटत होतं. आपल्याकडं सहिष्णुतेचं चित्र काय असतं, टोपी घातलेला मुलगा गणपतीसमोर हात जोडून उभा, नाहीतर दर्ग्यावर चादर घेऊन निघालेले हिंदू. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तिकडं गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, ते मी अभिमानानं सगळ्यांना सांगते आणि सांगणारच, ती लोकांची मनापासूनची गोष्ट आहे. पण सगळ्यांनी सगळ्यांचे सण केले म्हणजे भांडण होत नाही, हे काही खरं नाही. पुण्यातच बघा, १८९० च्या आधी मोहरमचे ताबूत हिंदूही बसवायचे, नवस बोलायचे, मिरवणुकीत नाचायचे. १८९३ ला मुंबईत दंगल झाली, आणि १८९४ ला इथं गणपतीच्या दिवसांत दारूवाला पुलाजवळ मशिदीसमोर वाजंत्रीवरून मारामारी झाली, त्या वर्षी ताबुतांकडं हिंदूंनी पाठ फिरवली. इतक्या वर्षांचा एकत्र सण एका वर्षात तुटला. मला याचं फार वाईट वाटतं, पण झालं ते झालं.

मग धरायचं काय? मला जे दिसलं ते असं की, सोबत येणाऱ्यावर प्रेम करणं सोपं आहे. जो येत नाही, येणार नाही म्हणून तोंडावर सांगतो, त्याला त्याच जिन्यात तितक्याच मोकळेपणानं वावरता येतं का, तिथं धर्माची परीक्षा आहे. माझ्या आरतीला आला तर भाई, नाही आला तर "हे लोक", असं असेल तर ती सहिष्णुता नाहीच, तो सौदा झाला. घटनेच्या २७ व्या कलमात आहे की कुठल्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कुणाकडून सक्तीनं कर घेता येणार नाही. ते सरकारी करांबद्दल आहे, सोसायटीला थेट लागू होत नाही, पण ज्यांनी लिहिलं त्यांनी किती पुढचा विचार केला होता हे मला माझ्या वहीतली ती ६०० ची ओळ बघून समजलं.

पुढच्या बिलापासून ओळ काढली. वर्गणी ज्याला द्यायची त्यानं पाकिटात द्यावी, नावांची यादी लावायची नाही, कुणी दिली कुणी नाही हे फक्त खजिनदाराला माहीत. काकांनी विरोध नोंदवला आणि तरी सही केली, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पैसे कमी जमले आणि डेकोरेशन साधं झालं.

२८ तारीख छान पार पडली, फार सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी लवकरच महापालिकेच्या हौदात विसर्जन झालं, मूर्ती निघताना पाऊस आला तेव्हा गेटवर ट्रॅफिक अडवून उभा होता तो चाचांचा नातू, डोक्यावर पिशवी घेऊन. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचं पारणं झालं. रविवारी टेंपोतून तीन डेगा उतरल्या, दोन बिर्याणीच्या आणि एक जर्द्याची, गोड केशरी भात, जे मटण खात नाहीत त्यांच्यासाठी. झाकण काढलं तेव्हा जी वाफ वर आली त्यात केवडा होता, आणि मी वर पाहिलं तर आजी खिडकीत उभ्या होत्या, खिडकी उघडी होती.

पण त्याच दुपारी चाचांचा धाकटा मुलगा, कॉलेजात आहे, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, सगळं चांगलं झालं. पण दरवेळी आम्हीच का सरकायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी त्याला अब्बांच्या मोठेपणाबद्दल काहीतरी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच कळलं की हे उत्तर नाही. जो संख्येनं कमी आहे तो सरकतो तेव्हा ते मनापासून आहे की नाइलाजानं, हे बाहेरून कळतच नाही, कदाचित त्यालाही नीट कळत नाही. ज्याची संख्या जास्त आहे तो सरकला तरच ते स्वच्छ दिसतं.

म्हणून २०२४ ला आम्ही सरकायचं ठरवलं. सोमवारी १६ सप्टेंबरला मिलाद, दुसऱ्या दिवशी विसर्जन. मांडव आधीपासूनच गेटच्या बाजूला निम्म्या जागेत बांधला, १६ ची संध्याकाळची आरती मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या) आधी उरकली, स्पीकर त्या दिवशी बंद. डेगा मात्र चाचांनी कोंढव्यातूनच आणल्या, चूल परत मांडा असं आजींनी सांगूनही. यावरून आमच्या कमिटीतलं एक घर बाहेर पडलं. त्यांचं म्हणणं, बाप्पाचा मांडव लहान केलात, हा अपमान आहे. मी दोनदा त्यांच्याकडं जाऊन बसले, चहा झाला, बोलणं झालं, पटलं नाही. ते अजून परत आलेले नाहीत. दरवाजावरून जाताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण त्यांची श्रद्धा खरी आहे, दिखाऊ नाही. आणि माझंच म्हणणं धरलं तर, न येणाऱ्यांत आता तेही आहेत, त्यांनाही या जिन्यात तेवढीच जागा पाहिजे. त्यांच्या घरी प्रसाद मी स्वतः नेऊन देते. ते घेतात.

२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, मिलाद ऑगस्टमध्ये जाईल, गणपती १४ सप्टेंबरला, पुन्हा दोन्ही लांब लांब. म्हणजे सध्यातरी हा प्रश्न उरणार नाही, आणि मला तीच काळजी आहे की ठरलेलं विसरलं जाईल, म्हणून हे लिहून ठेवतेय.

२०२५ चं एवढं सांगते. ५ सप्टेंबरला मिलाद, त्यात शुक्रवार, ६ ला विसर्जन. मांडव एकीकडं, डेगा दुसरीकडं, मूर्ती न्यायला टेंपो मागं घ्यायचा तर मधे जागाच नाही. मी गाड्यांची यादी घेऊन घरोघर फिरणार होते. चार तारखेला रात्री खाली आले तर मधला स्लॉट रिकामा, तिसऱ्या मजल्यावरच्या भाईंचा. ते ना आरतीला आले ना नियाजला, त्यांच्याकडून पाकीटही आलं नव्हतं. गाडी मात्र दोन दिवस बाहेर रस्त्यावर लावलेली होती, पावसात, वर प्लास्टिक टाकून.